एप्रिलअखेर ग्रान पाराडीझो (इटलीच्या आल्प्समधलं शिखर) स्कीवर: वेळेचं गणित जमतंय का?

हिमवाट: आम्ही तिघं. शनिवारी पोंत या वस्तीतून (१९६० मी.) व्हित्तोरिओ एमानुएले हट (डोंगरातलं मुक्कामाचं घर, २७३५ मी.), रविवारी शिखर (४०६१ मी.) आणि तिथून स्कीने थेट पोंतला. स्की टूरिंग (स्की लावून डोंगर चढणं-उतरणं) आणि हिमनदीवर दोर बांधून चालणं तिघांनाही येतं. हटवरून सकाळी ७ ला निघालं तर चालेल? ३० मी. दोर पुरेल? बुटांचे क्रॅम्पॉन (बर्फात रुतणारे धातूचे दात) आहेतच, मग स्कीचे वेगळे कशाला?

कातळकडा: ७ म्हणजे फार उशीर. १३२६ मी. चढ आहे, ताशी ३०० मी. धरले तरी साडेचार तास, शिवाय दोर बांधणं आणि शिखराजवळचा खोळंबा. शिखरावर साडेबारा वाजतील. हटखालचा उतार पश्चिमेकडे तोंड करून आहे, म्हणजे तुम्ही नेमके दुपारच्या उन्हात तिथे पोहोचणार. तोवर बर्फ खोलवर भिजतो आणि ओल्या बर्फाची घसरण सुरू होते. ५ ला निघा. साडेदहाला जिथे असाल तिथून मागे फिरा.

घड्याळापेक्षाही रात्रीचं आकाश महत्त्वाचं. निरभ्र रात्री बर्फ आपली उष्णता आकाशात सोडतो, त्यामुळे हवा शून्याच्या किंचित वर असली तरी पृष्ठभाग गोठतो. ढगाळ रात्री तसं होत नाही. पहाटे हटबाहेर स्की न लावता उभं राहून बघा. पाय घोट्याच्या वर रुतला तर त्या दिवशी चढाई नको.

पिनबाइंडिंग: स्कीचे क्रॅम्पॉन घ्याच. गोठलेल्या उतारावर आडवं जाताना स्किनची (चढताना स्कीखाली चिकटवतात ती पट्टी) फक्त कड टेकते आणि तिथे घसरलेला माणूस सहज थांबत नाही. ते सपाटीवरच लावा, उतारावर अडकल्यावर नाही. टाचेखालचा आधार उंच केला की त्यांचे दात कमी रुततात, म्हणून तो शक्य तितका खालीच ठेवा.

बुटाच्या पुढच्या खोबणीत बर्फ साचला की बाइंडिंगच्या (बूट स्कीला अडकवणारी जोडणी) पिना नीट बसत नाहीत आणि स्की भलत्या वेळी सुटते. खोबण काठीच्या टोकाने साफ करा, बूट बसवून पाय वर-खाली हलवून बघा, मगच पुढची कळ चढाईसाठी लॉक करा. उतरताना लॉक काढायला विसरू नका, नाहीतर पडल्यावर स्की सुटणार नाही. थांब्यावर स्किन जॅकेटच्या आत ठेवा. थंड, ओला गोंद चिकटत नाही. तरीही सुटलीच तर बांधायला दोन पट्टे सोबत असू द्या.

३० मी. दोर तिघांना पुरतो: मध्ये ८ ते १० मी. अंतर, उरलेला दोर टोकाच्या दोघांकडे. प्रत्येकाकडे दोन प्रुसिक (दोरावर घट्ट धरणारे दोरीचे फास) आणि एक आइस स्क्रू (बर्फात फिरवून बसवायचा आधार). उतरताना दोर सहसा काढतात, हार्नेस (दोर अडकवायचा कमरेचा पट्टा) मात्र अंगावरच हवा.

शुभ्रधार: ट्रान्सीव्हर (बर्फाखाली गाडलेल्याला शोधायचं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी), फावडं प्रत्येकाकडे. मोबाइल ट्रान्सीव्हरपासून किमान २० सें.मी. लांब, शोध घेताना ५० सें.मी. हिमस्खलनाची पातळी ५ पैकी ३ असेल तर ३० अंशांपेक्षा तीव्र उतार टाळा. डोकेदुखीसोबत उलटी झाली तर वर जाणं तिथेच थांबवा आणि खाली उतरा. मदतीसाठी ११२.

हिमवाट: ५ ठरलं. शिखरावरच्या मॅडोनाच्या (मेरी मातेच्या) पुतळ्यापर्यंत स्की नेता येते का?

कातळकडा: नाही. शेवटचा टप्पा अरुंद कातळाचा आहे. स्की खाली रोवून क्रॅम्पॉन, आइस अ‍ॅक्स आणि आखूड दोरावर जा. तिथे रांग लागते; रांगेत साडेदहा वाजले तर पुतळा राहू द्या.