शेडनेटच्या दाण्याची नळी तडकते, अँटिऑक्सिडंट घालून उपयोग होईल का?

नमस्कार मंडळी,

सोलापुरात चिंचोळी एमआयडीसीजवळ आमचं जुन्या शेती-प्लास्टिकचा दाणा (वितळवून पुन्हा वापरायचे प्लास्टिकचे मणी) करायचं छोटं युनिट आहे. ठिबकच्या काळ्या नळ्यांच्या दाण्याची तक्रार नाही. हिरव्या शेडनेटचा दाणा मात्र छळतोय. एक्स्ट्रूडरची (प्लास्टिक वितळवून दाबून बाहेर काढणाऱ्या यंत्राची) जाळी सारखी चोंदते, मालात गाठी दिसतात आणि वायरिंगची नळी वाकवली की तडकते. नवा एचडीपीई (कडक जातीचं पॉलिथिन) मिसळला तर नळी छान निघते, पण एक उन्हाळा उघड्यावर गेला की पुन्हा तेच.

सगळी नेट सारखी नसते. रोपवाटिकेतली बरी चालते, बेदाण्याच्या शेडवरची सगळ्यात वाईट. ऊन तर दोन्हींना आपलंच, सोलापूरचं! माझा संशय गंधकावर आहे. द्राक्षावर गंधक फवारतात, बेदाण्याला धुरी देतात. नेटमधला हॅल्स जातीचा यूव्ही स्टॅबिलायझर (उन्हापासून प्लास्टिक वाचवणारं रसायन) अल्कधर्मी असतो, गंधकापासून झालेल्या आम्लाने तो निकामी होतो असं वाचलंय. काळ्या नळीला उन्हापासून सांभाळतो तो कार्बन ब्लॅक, त्याला हा धोका नाही. हे बरोबर आहे का? आणि आता अँटिऑक्सिडंट (झीज रोखणारी पावडर) घातला तर दाणा सुधारेल? शेतकरी हीच नळी पुन्हा रानात टाकतात, म्हणून खात्रीचा माल द्यायचाय.

प्रतिसाद:
दादा, संशय रास्त आहे. द्राक्षपट्ट्यातली नेट वेगळीच ठेवा.

झालेली झीज मात्र कुठल्याही पावडरीने भरून येत नाही. उन्हात पॉलिथिनच्या काही साखळ्या तुटतात, त्याने माल ठिसूळ होतो. काही एकमेकींना जोडल्या जातात, त्याच तुमच्या गाठी. अँटिऑक्सिडंट फक्त बॅरलमधली (यंत्राच्या तापलेल्या नळकांड्यातली) पुढची झीज रोखतो. फिनॉल-फॉस्फाइट या दोन अँटिऑक्सिडंटची जोडी ०.१ ते ०.२ टक्के, तीही पहिल्याच वितळणीला हॉपरमध्ये टाका. दाणा झाल्यावर घालून निम्मा फायदा गेलेला असतो. उघड्यावरच्या नळीला यूव्हीचं संरक्षण वेगळं लागतंच. रंगाची अट नसेल तर कार्बन ब्लॅकचा मास्टरबॅच (कार्बन दाट भरलेला तयार दाणा) घ्या, चांगला मिसळून एकूण दोन-अडीच टक्के कार्बन बसू द्या.

नुसत्या एमएफआयवर (वितळलेला माल किती सहज वाहतो त्या आकड्यावर) विसंबू नका. नेट बांधलेली सुतळी बहुतेक पीपीची (पॉलिप्रॉपिलिनची) असते. पीपी झिजला की एमएफआय चढतो, गाठी धरलेल्या पॉलिथिनचा उतरतो. दोन्ही मिसळले की आकडा ठीक दिसतो आणि नळी तडकते. पाण्यात दोन्ही तरंगतात, म्हणून सुतळी हातानेच काढावी लागते. सोबत ओआयटी करून घ्या, म्हणजे २०० अंशांवर ऑक्सिजनमध्ये माल किती मिनिटं तग धरतो ते कळतं. त्यात हॅल्सचा अंदाज येत नाही, फिनॉल किती उरलाय ते समजतं. छत्रपती संभाजीनगरच्या सिपेटमध्ये (केंद्र सरकारच्या प्लास्टिक संस्थेत) चौकशी करा.

धागाकर्ता:
मनापासून आभार. सुतळीचं डोक्यातच आलं नव्हतं, उद्यापासून बायकांना ती आधी कापायला सांगतो. एकच विचारायचं राहिलं: बेदाणा शेडची नेट धुताना पाण्यात धुण्याचा सोडा घातला तर उरलेलं आम्ल जाईल का, की नुसतं पाणी पुरे?