डिसेबल करूनही जागा का सुटत नाही
नव्या अँड्रॉइड फोनमध्ये आधीपासून टाकलेली, नको असलेली ॲप्स डिसेबल (म्हणजे न काढता नुसती बंद) करूनही जागा सुटत नाही, अशी कुणाकुणाची तक्रार असते. ती सिस्टिमच्या भागात असतात, तो भाग आपल्या वापरासाठी नसतोच. तरी आधी 'अनइन्स्टॉल अपडेट्स' करा, मग डिसेबल; अपडेटांनी खाल्लेली जागा परत मिळते. संगणकावरून एडीबीने (फोनला आज्ञा देणाऱ्या साधनाने) काढलेलं ॲपसुद्धा फॅक्टरी रीसेट केला, म्हणजे फोन पुसून मूळ स्थितीत आणला, की पुन्हा हजर. वेबव्ह्यू (ॲपच्या आत वेबपानं दाखवणारा भाग) आणि गूगलच्या प्ले सर्व्हिसेस यांना मात्र हात लावू नका, त्यांच्यावर चालणारी इतर ॲप्स अडतात.

आणि चतुर्थीला आई-बाबांसाठी म्हापशाहून, मडगावहून फोन नेणार असाल तर सेटअप दुकानदारावर सोडू नका. सुचवलेल्या ॲप्सपुढच्या बरोबरच्या खुणा सेटअप करतानाच काढता येतात, म्हणजे ती फोनमध्ये येत नाहीत. खुणा तशाच राहिल्या की कर्ज देणारी ॲप्स वडीलधाऱ्यांच्या हाती अशी आयती पडतात, याचा मला फार राग येतो.