जर्मन गिम्नाझियममध्ये पुण्याचे पाहुणे: शाळेची ओळख कशी करून द्यावी?

नेकारकाठची

नमस्कार. आम्ही बारा वर्षांपासून श्टुटगार्टजवळच्या एका लहान गावात राहतो आणि आमची मुलगी येथील गिम्नाझियममध्ये, म्हणजे विद्यापीठाकडे नेणाऱ्या माध्यमिक शाळेत, नववीत शिकते. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात पुण्यातील एका शाळेचे सोळा विद्यार्थी आणि दोन शिक्षिका आठ दिवसांसाठी आमच्या शाळेत येणार आहेत. पालक-प्रतिनिधींच्या मंडळात, ज्याला येथे एल्टर्नबाइराट म्हणतात, मी एकटीच मराठी असल्यामुळे पहिल्या दिवशी पाहुण्यांना शाळेची ओळख करून देण्याचे काम चर्चेविनाच माझ्याकडे आले.

मुख्याध्यापकांनी मला जुन्या सादरीकरणाची फाइल पाठवली आहे. तिच्यात अठ्ठावीस पाने आहेत आणि त्यांपैकी नऊ पानांवर इमारतीच्या नूतनीकरणाची छायाचित्रे आहेत. प्रयोगशाळा पुण्याच्या मुलांनीही पाहिलेल्या असतात, तेव्हा नव्या खिडक्या पाहून त्यांना या शाळेविषयी काय कळणार, हा प्रश्न मला पडला आहे. माझ्या हातात पंचेचाळीस मिनिटे आणि त्यानंतरची शाळेतली एक फेरी आहे. अशा भेटींचा अनुभव असलेल्यांनी, विशेषतः पाहुणे म्हणून गेलेल्यांनी, काय सांगावे, काय दाखवावे आणि काय वगळावे याविषयी सल्ला द्यावा.

कर्वे रस्ता

मी पुण्यात जर्मन शिकवते आणि आजवर चार वेळा मुलांना घेऊन तिकडे गेले आहे. माझा पहिला सल्ला असा की, सुरुवात इमारतीपासून न करता चौथीपासून करावी. आपल्या मुलांना दहावीला फाटे फुटतात हे ठाऊक असते. तुमच्याकडे तो फाटा दहाव्या वर्षी फुटतो, हे ऐकले की वर्ग एकदम शांत होतो. प्राथमिक शाळेची चार वर्षे संपली की मूल हाउप्टशूले (लवकर व्यवसायाकडे नेणारी), रेआलशूले (दहावीपर्यंतची मधली), गिम्नाझियम किंवा या सर्वांना एकत्र ठेवणारी शाळा यांपैकी एकीकडे जाते, बर्लिन आणि ब्रांडेनबुर्गमध्ये मात्र प्राथमिक शाळाच सहा वर्षांची असते, आणि हा निर्णय कोणी घ्यायचा यावर तुमच्या राज्यात आजही वाद चालू आहे. 2012 पासून तुमच्या या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात अंतिम शब्द पालकांचा होता. आता शाळेची शिफारस, चौथीतली चाचणी आणि पालकांची इच्छा या तिन्हींपैकी दोन जुळल्या तरच गिम्नाझियमचा मार्ग थेट खुला होतो. हे सांगितल्याशिवाय, समोर बसलेली मुले त्या वर्गात का बसली आहेत, हे पाहुण्यांना कळत नाही.

दुसरी गोष्ट गुणांची. तिथे 1 हा सर्वोत्तम आणि 6 हा सर्वांत वाईट शेरा असतो, आणि वरच्या वर्गांत हा हिशेब उलटा होऊन 15 हा सर्वोच्च गुण ठरतो. आमच्या एका मुलाने यजमान मित्राच्या वहीवर 2 पाहून त्याची कळवळून समजूत काढली होती, आणि तो बिचारा मात्र त्या 2 वर खूश होता. शिवाय वर्गात बोलण्यालाही गुण असतात, लेखी परीक्षेच्या जोडीने तोंडी सहभाग मोजला जातो, हे आमच्या मुलांना आधी सांगितले नाही तर ती आठ दिवस आदराने गप्प बसतात आणि तिथल्या शिक्षकांना वाटते की त्यांना काही समजतच नाही.

आणखी दोन बारकावे सांगते. बोलायचे असेल तेव्हा पूर्ण पंजा न उंचावता तर्जनी वर करतात. शिक्षकांना सर किंवा मॅडम म्हणत नाहीत. हेर किंवा फ्राउ आणि पुढे आडनाव, एवढेच. साधारण अकरावीपासून शिक्षकच विद्यार्थ्यांना तू ऐवजी तुम्ही म्हणू लागतात, हे ऐकून आमच्या मुलांना जेवढा आनंद झाला तेवढा कोणत्याही किल्ल्याने दिला नाही.

रूरवाला

वरील प्रतिसाद उत्तम आहे. पण एक आक्षेप नोंदवतो. गिम्नाझियम दाखवून 'ही पाहा जर्मन शाळा' असे म्हणू नये. शिक्षण हा तेथील राज्यांचा विषय आहे, राज्ये सोळा आहेत, आणि सुट्ट्यांपासून अभ्यासक्रमापर्यंत बरेच काही राज्याराज्यांत बदलते. माझी दोन्ही मुले रूर भागातील गेझाम्टशूलेमध्ये, म्हणजे सर्व प्रकारच्या विद्यार्थ्यांना एका छपराखाली ठेवणाऱ्या शाळेत शिकली. थोरला दहावीनंतर प्रशिक्षणार्थी झाला, आठवड्याचे काही दिवस कारखान्यात आणि उरलेले व्यवसाय-शाळेत, आणि त्याला पहिल्या महिन्यापासून विद्यावेतन मिळाले. धाकटी आबिटुर, म्हणजे विद्यापीठ-प्रवेशाची शालान्त परीक्षा, देऊन विद्यापीठात गेली.

आपल्या मराठी घरांत पहिला मार्ग हा 'जमले नाही म्हणून' घेतलेला मार्ग समजला जातो, आणि पुण्याहून येणाऱ्या मुलांच्या मनातही तेच असेल. म्हणून शक्य असल्यास त्यांना एक दिवस शेजारच्या व्यवसाय-शाळेत न्या. तुमच्या राज्यात तर व्यावसायिक गिम्नाझियमही आहेत, जिथे रेआलशूले पूर्ण केलेली मुले तीन वर्षांत आबिटुरपर्यंत पोहोचतात. दहाव्या वर्षी बंद झालेले दार सोळाव्या वर्षी पुन्हा उघडते, हा अर्धा भाग सांगितला नाही तर कर्वे रस्ता ताईंनी सांगितलेला फाटा आहे त्यापेक्षा क्रूर वाटेल.

कर्वे रस्ता

मान्य आहे. तरीही ते दार सर्वांसाठी सारखे उघडत नाही, आणि घरी शिकलेले आईवडील असतील तर गिम्नाझियमचे दार आधीच किलकिले असते, हे तेथील शिक्षक स्वतः आम्हाला सांगतात. पाहुण्यांपुढे हेही लपवू नये, असे माझे मत आहे.

परतलेला पाहुणा

मी विद्यार्थी म्हणून अशा गटातून गेलो होतो, तेव्हा मी नववीत होतो. पहिल्या दिवशी सभागृहात मुख्याध्यापक, उपमुख्याध्यापक आणि नगराध्यक्ष यांची भाषणे झाली. त्यांतले मला आज एक वाक्यही आठवत नाही. जे आठवते ते सांगतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही सकाळी पावणेआठला शाळेत पोहोचलो, तर दरवाजाजवळच्या पडद्यावर बदली तासांचा तक्ता होता आणि माझ्या यजमानाचे गणिताचे दोन्ही तास रद्द झाले होते, कारण शिक्षक आजारी होते. मोठ्या वर्गांतली मुले सरळ गावातल्या बेकरीत निघून गेली. फाटकावर पहारेकरी नव्हता, गणवेश नव्हता, प्रार्थना नव्हती, आणि तरीही तिसऱ्या तासाला सगळी मुले वर्गात होती. आमच्या शिक्षिका फाटकाशी उभ्या राहून सोळा जणांना मोजत होत्या. मला जर्मन शाळा त्या सकाळी समजली.

म्हणून ओळख करून देण्याचे काम विद्यार्थ्यांकडे सोपवावे. तुमच्या राज्यात विद्यार्थी-प्रतिनिधींच्या मंडळाला एसएमफाउ म्हणतात. त्यातली दोन मुले आणि एखादी वैतागलेली आठवीतली मुलगी यांनी शाळा फिरवून दाखवली तर पाहुण्यांना प्रश्न विचारायला भीती वाटणार नाही. शाळेच्या परिषदेत शिक्षक आणि पालक यांच्याबरोबर विद्यार्थ्यांचे प्रतिनिधीही बसतात आणि त्यांना मत देण्याचा अधिकार असतो, हे मुख्याध्यापकांनी सांगण्यापेक्षा ज्याने तिथे हात वर करून विरोधी मत दिले आहे त्याने सांगावे.

दुपार मात्र शाळेत घालवू नका. शाळेचे वाद्यवृंद आणि नाट्यमंडळे असतात, पण खेळ मुख्यतः गावातल्या क्रीडा-संघांत चालतो. फुटबॉल, हँडबॉल, जिम्नॅस्टिक्स यांसाठी मुले संध्याकाळी त्या संघांकडे जातात, आणि काही मुले स्वयंसेवी अग्निशमन दलाच्या युवा शाखेत असतात. माझा यजमान तेरा वर्षांचा असताना पाण्याची नळी जोडायला शिकला होता. शाळेचा समाज म्हणून जो काही आहे, त्याचा निम्मा भाग फाटकाबाहेर असतो.

नेकारकाठची

आपल्या सर्वांची मनापासून आभारी आहे. वैतागलेली आठवीतली मुलगी शोधण्यात अडचण येणार नाही.

तारखांविषयी कोणी संदेशातून विचारले, त्याचे उत्तर येथेच देते, कारण ते इतरांनाही उपयोगी पडेल. पुण्याच्या शाळेला मे महिना सोयीचा वाटत होता, परंतु एप्रिलअखेरीपासून येथे आबिटुरच्या लेखी परीक्षा असतात आणि त्यानंतर ईस्टरच्या तारखेनुसार मे-जूनमध्ये सरकणारी दोन आठवड्यांची पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणाची सुट्टी लागते. दिवाळीची सुट्टी घ्यावी तर ती पुष्कळदा येथील शरद सुट्टीवर येऊन आदळते आणि पाहुणे रिकाम्या शाळेत पोहोचतात. शेवटी पुण्याच्या शाळेने या मुलांची सहामाही परीक्षा पुढे ढकलली.

आता दोन शंका आहेत. एक, छायाचित्रांची: पुण्याच्या पालकांनी रोज व्हॉट्सॲपवर फोटो मागितले आहेत. दुसरी, आमच्या इतिहासाच्या शिक्षिकेला पाहुण्यांनी तिच्या तासाला बसावे असे वाटते. विषय नाझी काळ आहे. हे योग्य होईल का?

माइनकाठचा म्हातारा

नक्की बसवावे, पण दोन्ही बाजूंची तयारी करून.

छायाचित्रांचे आधी सांगतो. येथे स्वतःच्या प्रतिमेवरचा हक्क 1907 च्या कायद्यापासून मान्य आहे, आणि आता त्यावर युरोपचे विदासंरक्षणाचे नियम आले आहेत. अल्पवयीन मुलांच्या पालकांची लेखी संमती नसताना वर्गातला फोटो एखाद्या गटात टाकणे ही येथे गंभीर गोष्ट समजली जाते. पुण्याच्या मुलांनी आपापसांत एकमेकांचे फोटो काढावेत, इमारतीचे काढावेत, यजमान मुलांचे मात्र विचारूनच. आणि हा नियम 'जर्मन लोक कडक असतात' अशा स्वरात सांगू नये. माणसाला विचारून त्याचा फोटो काढणे यात विशेष जर्मन असे काहीच नाही.

इतिहासाच्या तासाविषयी मात्र सविस्तर लिहावे लागेल. आपल्याकडे त्या हुकूमशहाचे आत्मचरित्र फुटपाथवर विकायला असते आणि एखाद्या कडक शिक्षकाला त्याचे नाव चेष्टेने चिकटवले जाते. तुमच्या पाहुण्यांपैकी एखाद्याने सहज 'शिस्त तर चांगली होती' असे म्हटले, तर तो तास तिथेच मोडेल. दोन्ही शिक्षिकांनी निघण्यापूर्वीच मुलांशी यावर एक तास बोलावे. तसेच स्वस्तिकाविषयी: नाझी चिन्हांचे प्रदर्शन हा येथे फौजदारी गुन्हा आहे. आपल्या धार्मिक स्वस्तिकामागचा हेतू पूर्णपणे वेगळा आहे हे खरे, तरीही भेट म्हणून आणलेल्या पूजेच्या थाळीवर किंवा स्वागताच्या रांगोळीत ते चिन्ह असेल, तर समोरच्या आजोबांना हेतू समजावून सांगायला वेळ मिळणार नाही. कमळ काढा, मोर काढा, पैठणीची नक्षी काढा.

शिक्षिकेला मत विचारण्याचा मोह पाहुण्यांना होईल. येथे राजकीय शिक्षण कसे द्यावे याविषयीच्या 1976 च्या बॉइटेल्सबाखच्या सहमतीला फार मान आहे, आणि ते गाव तुमच्या श्टुटगार्टच्या जवळच आहे. शिक्षकाने आपले मत विद्यार्थ्यांवर लादू नये. समाजात आणि शास्त्रात जे वादग्रस्त आहे ते वर्गातही वादग्रस्त म्हणूनच मांडावे. आणि विद्यार्थ्याला स्वतःच्या हिताचा विचार करून राजकीय परिस्थिती तपासता यावी, असे त्याचे तीन भाग आहेत. म्हणून शिक्षक प्रश्नाला प्रश्नाने उत्तर देतात. पाहुण्यांना वाटते की बाई टाळाटाळ करीत आहेत. तुमच्या पंचेचाळीस मिनिटांतली पाच मिनिटे यासाठी राखून ठेवा, कारण आपल्या मुलांनाही जातीविषयी किंवा मुलींच्या लग्नाविषयी प्रश्न विचारले जातील आणि तेव्हा त्यांनी रागावू नये.

तास झाल्यावर बाहेर पडून गावातल्या पितळी अडखळदगडांपाशी जावे. गुंटर डेम्निग या कलाकाराने 1992 पासून हे छोटे दगड, नाझींनी छळलेल्या किंवा मारलेल्या माणसांच्या अखेरच्या राहत्या घरांसमोर बसवले. 2023 मध्ये त्यांची संख्या एक लाखावर गेली. अनेक शाळांतली मुले 9 नोव्हेंबरच्या, म्हणजे 1938 मधील ज्यूविरोधी हिंसाचाराच्या स्मृतिदिनाच्या, सुमारास ते घासून उजळ करतात. पुण्याच्या मुलांच्या हातात एक फडके द्या. दगडावरचे नाव वाचण्यासाठी वाकावे लागते, आणि पुढचे काही सांगावे लागत नाही.

कोथरूडची आई

माझा मुलगा मागे गेला होता, म्हणून फक्त जेवणाबद्दल. 'शाकाहारी' एवढे लिहून चालत नाही. अंडे चालते की नाही हे वेगळे लिहावे, कारण तुमच्याकडच्या श्पेट्सले नावाच्या शेवयांत अंडे असते, माउलटाशेन या सारण भरलेल्या पदार्थात बहुधा मांस असते, आणि रबरासारख्या चिवट गोड गोळ्यांत बहुधा जिलेटिन असते. संध्याकाळी पाव, चीज आणि काकडी असे थंड जेवण मिळाले तर यजमान रागावले आहेत असे मुलांनी समजू नये. माझ्या मुलाने तसे समजून दोन दिवस माफी मागितली.

रूरवाला

एक राहिले: शाळेच्या हाउसमाइस्टरची ओळख अवश्य करून द्या. आपल्याकडचे शिपाईमामा, मिस्त्री आणि इमारतीचे राखणदार असे तिन्ही मिळून तो एक माणूस असतो, आणि किल्ल्या त्याच्याकडे असतात. शाळेची इमारत नगरपालिकेची, शिक्षकांचा पगार राज्याचा, आणि मधल्या फटीत जे काही पडते ते पालकांच्या मदत-संघाच्या केकविक्रीतून भरून निघते, हेही यानिमित्ताने सांगता येईल.

नेकारकाठची

आज शाळेत बैठक झाली. अठ्ठावीसपैकी सहा पाने उरली आहेत. पहिल्या पानावर चौथीनंतरचे सर्व रस्ते आणि ते पुन्हा एकमेकांना कुठे मिळतात याचा नकाशा आहे. आमचे राज्य 2025-26 पासून पाचवी-सहावीपासून सुरुवात करून आठऐवजी नऊ वर्षांच्या गिम्नाझियमकडे परत गेले, त्यामुळे माझी मुलगी जुन्या पद्धतीने बारावीला आबिटुर देईल आणि शेजारच्या घरातला सहावीतला मुलगा तेरावीला. ती दोघे मिळून तो नकाशा समजावून सांगणार आहेत. मुख्याध्यापकांनी आपले भाषण तीन मिनिटांवर आणण्याचे कबूल केले. श्टुटगार्ट आणि मुंबई 1968 पासून भगिनी-शहरे आहेत एवढे वाक्य त्यांना ठेवायचेच होते, आणि ते मी ठेवू दिले.

हाउसमाइस्टरना विचारले, तेव्हा ते म्हणाले की भाषण जमणार नाही, पण तळघरातला बॉयलर आणि छतावरचे सौर पॅनेल दाखवीन, फक्त सोळा जण एकदम नकोत, आठ-आठ यावेत आणि बरोबर दहा वाजता यावेत. पुण्याच्या शिक्षिकांना मी पावणेदहा कळवले आहे.