जिंकला की आपला, हरला की त्याचा तो?

चढाचा_माणूस
टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीला साधारण २२ संघ असतात, प्रत्येकी ८ जण. म्हणजे १७६ जण निघतात आणि तीन आठवड्यांनी, एकूण वेळेत सर्वांत पुढे असलेल्याची पिवळी जर्सी उरते एकाच्या अंगावर. बाकीचे १७५ हरतात. इतकं हरणं पोटात घेऊन चालणारा खेळ दुसरा नसेल, पण देशांची छाती फुगते ती त्या एकाच्याच नावाने.

२०१२ मध्ये ब्रॅडली विगिन्स टूर जिंकणारा पहिला ब्रिटिश ठरला. लगेच 'आपण जिंकलो'! हे 'आपण' म्हणजे नक्की कोण? विगिन्सचा जन्म बेल्जियममधल्या गेंटचा, वडील ऑस्ट्रेलियन. पुढच्या वर्षी जिंकलेला क्रिस फ्रूम नैरोबीत जन्मला आणि आधी केनियाकडून शर्यती खेळला.

याउलट फ्रान्सचा रेमों पुलिदोर. टूरमध्ये ३ वेळा दुसरा, ५ वेळा तिसरा. पिवळी जर्सी एका दिवसापुरतीही मिळाली नाही. त्याच्याच देशाचा जाक आंकेतिल ५ वेळा जिंकला, तरी लोकांनी जीव लावला तो पुलिदोरला. मला हा अभिमान जास्त अस्सल वाटतो.

घड्याळवाला
झाली का पराभवाची आरती सुरू? १९८५ मध्ये बर्नार इनो जिंकला, त्यानंतर एकाही फ्रेंच पुरुषाला टूर जिंकता आलेली नाही. घ्या ओवाळून दुसऱ्या क्रमांकाला.

ब्रिटनचं बघा. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये सगळ्या खेळांत मिळून १ सुवर्ण, सायकलिंगमध्ये २ कांस्य. मग लॉटरीचा पैसा खेळांकडे वळला, चाकापासून कपड्यांपर्यंत एकेक गोष्ट तासून घेतली आणि २००८ मध्ये बीजिंगला एकट्या सायकलिंगची ८ सुवर्णं. 'खेळलो ना छान' म्हणत बसले असते तर हे झालं असतं?

नुसतंच_वाचते
आज पहिल्यांदाच लिहितेय, सांभाळून घ्या.
त्या पैशाची दुसरी बाजूही आहे. पदकाची आशा दिसेल तिथेच पैसा, असा त्यांचा हिशोब. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकनंतर बीएमएक्स रेसिंगमध्ये (छोट्या सायकलींची उंचवट्यांच्या मातीच्या ट्रॅकवरची शर्यत) पुरुषांना मदत चालू राहिली आणि स्त्रियांची बंद झाली. बेथनी श्रीव्हरने शाळेत मदतनीस म्हणून नोकरी केली, लोकांकडून वर्गणी गोळा केली आणि २०२१ मध्ये टोकियोला सुवर्ण जिंकलं. मग काय, तीही लगेच 'आपली' झाली.

घड्याळवाला
@नुसतंच_वाचते, म्हणजे शेवटी तुम्हीही सुवर्णच सांगितलंत! चौथी आली असती तर तिचं नाव तरी तुम्हाला ठाऊक असतं का?

नुसतंच_वाचते
हे लागलं. खरंच नसतं.

सुटलेली_साखळी
धागाकर्त्यांचं 'आपण म्हणजे कोण' फार शहाणपणाचं वाटतं, पण ते मोठ्या देशांना परवडतं. एरिट्रियाचं काय कराल? सायकल तिथे इटालियन राजवटीत आली, शर्यतीही त्यांच्याच. पुढे तो एरिट्रियाचाच खेळ झाला. २०१५ मध्ये डॅनियल टेक्लेहायमानोतने टूरमध्ये चढांवरच्या गुणांत पुढे असलेल्याची ठिपक्यांची जर्सी घातली. २०२४ मध्ये बिनियाम गिरमायने तीन टप्पे (रोजची शर्यत म्हणजे एक टप्पा) आणि टप्प्यांतल्या गुणांसाठीची हिरवी जर्सी जिंकली. टूरचा टप्पा जिंकणारा तो पहिला कृष्णवर्णीय आफ्रिकन. त्यांनी 'आपण जिंकलो' म्हटलं तर त्यांना जन्मदाखले विचारत बसायचं का?

आणि मग स्लोव्हेनिया. वीस लाखांच्या आसपास वस्तीचा देश. २०२० च्या टूरमध्ये शेवटून दुसऱ्या दिवशी प्रिमोझ रोग्लिच ५७ सेकंदांनी पुढे होता. ला प्लांश दे बेल फीयच्या चढावरच्या टाइम ट्रायलमध्ये (एकेकट्याने घड्याळाविरुद्धची शर्यत) त्याची जर्सी गेली, आणि नेली कुणी, तर त्याच्याच देशाच्या ताडेई पोगाचारने. देश जिंकला आणि त्याच संध्याकाळी हरलाही. कुणासाठी टाळ्या वाजवायच्या आणि कुणासाठी डोळे पुसायचे?

तो रोग्लिच २०२३ च्या जिरो दि'इटालियात, म्हणजे इटलीच्या तशाच तीन आठवड्यांच्या शर्यतीत, पुन्हा तशाच जागी उभा होता. शेवटून दुसरा दिवस, मोंते लुसारीचा चढ, टाइम ट्रायल. या वेळी तो २६ सेकंद मागे. स्लोव्हेनियाची सीमा हाकेच्या अंतरावर, कडेला सगळी त्यांचीच गर्दी. ऐन चढावर साखळी निसटली (माझं नाव तिथूनच घेतलंय). उतरला, साखळी बसवली, आणि तरीही जिरो १४ सेकंदांनी जिंकला. त्या गर्दीला २०२० आठवत होतं म्हणून तर ती तिथे होती, असं मला वाटतं.

चढाचा_माणूस
एरिट्रियाचा मुद्दा मान्य, तिथे माझा सूर जरा चढला होता.
पण त्याच जिरोत १४ सेकंदांनी हरला कोण? ब्रिटनचा गेरेंट थॉमस. दुसऱ्या दिवशी रोममध्ये शेवटच्या काही किलोमीटरमध्ये हाच माणूस पुढे येऊन वारा अंगावर घेत होता, म्हणजे मागच्याचा जोर वाचावा, आणि तेही ब्रिटनच्याच मार्क कॅव्हेंडिशसाठी. संघ वेगळा, पगार देणारा मालक वेगळा. कॅव्हेंडिशने तो टप्पा मारला. आदल्याच दिवशी हातातली शर्यत गेलेला माणूस हे करतो, यात देश नाही म्हणाल?

तिरका_कॅरियर
अमेरिकेच्या लान्स आर्मस्ट्राँगचं नाव कुणीच काढलं नाही? सात टूर, मग उत्तेजकांपायी २०१२ मध्ये सातही काढून घेतल्या. विगिन्सचंच वर्ष. अमेरिकेकडे राहिला ग्रेग लेमाँड. त्याने १९८९ मध्ये लोराँ फिन्योंला ८ सेकंदांनी हरवलं, आणि फिन्यों त्याआधी दोनदा टूर जिंकलाय हे निम्म्या लोकांना माहीतही नसतं.

घड्याळवाला
@चढाचा_माणूस, थॉमस वेल्सचा, कॅव्हेंडिश आइल ऑफ मॅनचा. आता सांगा, 'आपण' म्हणजे कोण?

चढाचा_माणूस
:) बरं. माझाच प्रश्न माझ्याच गळ्यात. जेवून येतो, मग बोलू.