तांदळाच्या डब्यात हात जातो का? तोंडाच्या चाळ्यांचे अनुभव सांगा

कच्चे तांदूळ खाताना सापडले की आजी म्हणायची, "लग्नात पाऊस पडंल बघ!" लग्न मे महिन्यात झालं, भर उन्हात. तांदूळ मात्र सुटले नाहीत. पस्तिशीतही निवडायला बसले की मूठ तोंडात, आणि ती कुरुमकुरुम ऐकू जाऊ नये म्हणून मिक्सर चालू.

मग जिना चढताना धाप लागायला लागली. हिमोग्लोबिन निघालं ७.८. डॉक्टरीणबाईंनी मान वर न करता विचारलं, "तांदूळ, माती, खडू, बर्फ, असलं काही खाता का?" मला रडूच फुटलं. शरीरातलं लोह कमी झालं की अशी ओढ लागू शकते, तिला पायका म्हणतात, हे तेव्हा कळलं. लोह कमी होण्याचं कारण म्हणजे माझी पाळी. सात-आठ दिवस धो धो. 'आमच्याकडे सगळ्यांचं असंच' म्हणून ते कधी कुणाला सांगितलंच नव्हतं. पाळीवर उपचार, आणि लोहाच्या गोळ्या लिंबूपाण्याबरोबर, चहापासून लांब. पोट जड व्हायचं, शी काळी व्हायची, तरी घेतल्या. तिसऱ्या आठवड्यात एकदा कुकर लावून झाला आणि लक्षात आलं, आज दाणा तोंडात टाकायचा राहिलाच की! हिमोग्लोबिन तेव्हा जेमतेम नऊ. ओढ आधी गेली, रक्त मागाहून भरलं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांमध्ये रक्तक्षय आढळला होता. तेव्हा चोरून डब्यात हात घालणारी मी एकटी नक्कीच नाही. लाजू नका, लिहा. तांदूळच पाहिजेत असं नाही.

नागपूर, पुरुष, ४६
बर्फ. उन्हाळ्यात कोणी काही म्हणत नाही, पण मी डिसेंबरातही दोन ट्रे संपवायचो. दाढेचा टवका उडाला तरी थांबलो नाही. कारण निघालं मूळव्याध. तीन वर्षं रक्त जात होतं आणि मी बायकोलाही सांगितलं नव्हतं. मूळव्याधीचा इलाज झाला, लोह सुरू झालं आणि ट्रे फ्रीजमध्ये तसाच राहू लागला. पुरुषाचं रक्त कमी निघालं तर ते कुठून जातंय हे शोधायलाच हवं, असं डॉक्टर म्हणाले.

पुणे, स्पर्धा परीक्षा
नखं. कडू नेलपॉलिश लावलं, त्या चवीचीही सवय झाली. नखं कधी खातो ते आठवडाभर वहीत टिपलं, तर निम्म्याहून जास्त वेळा गणिताच्या पेपराला. आता हात वर निघाला की मूठ आवळून वीस आकडे मोजतो. अंगठ्याचं नख अजून जातं. बाकी नऊ वाचली.

ठाणे, दोन मुलांची आई
थोरली पाच वर्षांची, अंगठा चोखायची. कारल्याचा रस लावला, तर बाईसाहेबांनी तो चाटून साफ केला आणि पुन्हा अंगठा तोंडात! सासूबाई चारचौघांत "शी, एवढी मोठी घोडी" म्हणायच्या, की ती दाराआड जाऊन चोखायची. धाकटा झाल्यावर हे सुरू झालं होतं, हे माझ्या फार उशिरा ध्यानात आलं. दातांचे डॉक्टर म्हणाले, पक्के दात यायच्या आत सुटलं पाहिजे, नाहीतर पुढचे दात बाहेर येतील. बोलणं बंद केलं. झोपताना दहा मिनिटं ती आणि मी, धाकटा बाबाकडे. हातात जुन्या गोधडीचा कोपरा. चार महिने लागले.

सातारा
आईची मशेरी. तव्यावर तंबाखू जाळायला घेतली की अख्ख्या आळीला ठसका. कॅन्सरचे फोटो दाखवले, डबी लपवली, भांडलो. मग एकदा तीच म्हणाली, "आरं, लावल्याबिगर पोट साफ हुत न्हाई." निकोटीनने आतडं हलतं, आईचं खोटं नव्हतं. रात्री इसबगोल आणि सकाळी गरम पाणी सुरू केलं. १८००-११-२३५६ या तंबाखूमुक्तीच्या मोफत नंबरावर बोलून घेतलं. दिवसातून पाच वेळची एकावर आली आहे. पहाटेची सुटत नाही. डबी आता लपवत नाही, दोघंही.

कोल्हापूर
पाटीवरची पेन्सिल खाणारं कुणी नाही का? करड्या रंगाची, जरा ओली केली की वळवाच्या पावसाचा वास येतो तिला. आमच्याकडे एका दुकानात अजून मिळते. वय २९.

धागा काढणारी
कोल्हापूर, कुठलं दुकान ते विचारायला निघाले होते, हात आवरला. रक्त तपासलंत का?