एपीआयचा कॅटलॉग हाताने भरू नका
सगळ्या एपीआयची (एका सॉफ्टवेअरने दुसऱ्याला कॉल करायच्या इंटरफेसची) यादी, म्हणजे कॅटलॉग, एका शेअर्ड शीटमध्ये ठेवू असं काही जण सुचवतात, ते आम्ही करून बघितलंय, तीन महिन्यांत शीट शिळी झाली कारण रिलीजच्या गडबडीत ती अपडेट कोण करणार. माहिती कोडसोबतच राहू दे. स्पॉटिफायने 2020 मध्ये ओपन सोर्स केलेलं बॅकस्टेज हे टूल तेच करतं, रेपोत (कोड ठेवायच्या जागी) छोटी यामल फाइल (साधी टेक्स्ट फाइल), तिच्यात ओनर, लाइफसायकल (एपीआय कुठल्या टप्प्यावर आहे ते) आणि ओपनएपीआयची (एपीआयचं वर्णन लिहायच्या ठरलेल्या फॉरमॅटची) डेफिनिशन, कॅटलॉग ते तिथून उचलतो. ओनर म्हणून माणसाचं नाही, टीमचंच नाव टाका. आमच्याकडे ज्याचं नाव होतं तो कधीच नोकरी सोडून गेलेला, मग एपीआयचं जुनं व्हर्जन बंद करायच्या आधी गेटवेचे (सगळे कॉल ज्यातून जातात त्याचे) लॉग चाळत बसलो, कोण अजून कॉल करतंय ते शोधायला.