खाडी वाचवायला गेले आणि दोरीला बांधलेली थाळी पाण्यात सोडत बसले... हे असंच असतं का?

चिखलपाय: नमस्कार मंडळी, प्रश्न जरा वेडगळ वाटेल पण विचारतेच. चार महिन्यांपासून खाडीवर काम करणाऱ्या एका ग्रुपमध्ये व्हॉलंटियर म्हणून जातेय, नदी समुद्राला मिळते ते मुख आणि आतला सगळा चिखलाचा पट्टा पुन्हा जिवंत करायचा असं त्यांचं काम. मला वाटलेलं रोपं लावू, कचरा उचलू, दमून पण खुशीत घरी येऊ. प्रत्यक्षात काय, तर पहाटे साडेपाचला होडीत बसायचं, प्रोब पाण्यात सोडायचा, ऑक्सिजनचा आकडा लिहायचा, एकदा वरच्या पाण्याचा एकदा तळाचा, मग ती काळी-पांढरी गोल थाळी दोरीने खाली सोडायची, दिसेनाशी झाली की दोरीवरची खूण वाचायची, वर ओढताना परत दिसली की परत खूण वाचायची. ६० सेंमी. ५५ सेंमी. पुढच्या ठिकाणी परत ६०. संपलं काम. रोप एकही लावलेलं नाही, विचारलं तर म्हणतात यंदा लावायचीच नाहीत. आणि दुसरा एक ग्रुप आहे तो एका रविवारी हजार हजार रोपं लावतो, फोटो काय भारी असतात त्यांचे. तिकडे जावं का? की हे मोजामोजीचं खरंच काही होतं? रागाने नाही विचारत, पण पहाटे चारला उठायचं तर कशासाठी ते तरी कळू दे.

ओहोटी_भरती: ताई, आधी पहाटेचं सांगतो कारण त्यावर सगळेच वैतागतात. पाण्यातलं शेवाळ दिवसा उन्हात ऑक्सिजन सोडतं आणि रात्रभर बाकी सगळ्यांसारखाच तो वापरतं, म्हणजे सूर्य उगवायच्या आसपास पाण्यात ऑक्सिजन सगळ्यात कमी. दुपारी गेलात तर आकडा छान येणार आणि तुम्ही म्हणणार खाडी ठणठणीत. लिटरमागे ५ मिलिग्रॅमच्या वर असेल तर साधारण बरं चाललंय, २ च्या खाली गेलं की मासा पळतो, आणि ज्याला पळता येत नाही ते शिंपले-कालवं-किडे जागेवरच मरतात. दोनदा का मोजायचं, तर खारं पाणी जड, ते तळाशी पाचरीसारखं आत घुसतं आणि नदीचं गोडं पाणी त्याच्यावरून वाहतं, दोन्ही चटकन मिसळत नाहीत. वर सगळं ठीक आणि खाली गुदमरलेलं असं कित्येकदा असतं.

थाळीला सेक्की डिस्क म्हणतात, आंजेलो सेक्की नावाच्या इटालियन पाद्र्याने १८६५ मध्ये असली थाळी समुद्रात सोडून पाहिली होती, तेव्हापासून दीडशे वर्षं झाली तरी लोक दोरीच वापरतायत कारण त्याहून स्वस्त आणि भरवशाचं काही नाहीये. तुमचे ६० सेंमी म्हणजे ऊन किती खोल पोचतंय त्याचा अंदाज. ऊन तळापर्यंत नाही तर तिथे समुद्रगवत नाही, आणि गवत नाही तर माशांच्या पिल्लांना लपायला जागा नाही. आता कोणी उद्या गवत लावायचं म्हटलं तर कुठे लावणार ते तुमच्या वहीतून ठरणार, नाहीतर बिया अंधारात पेरल्यासारखं.

रोपं_लावून_पस्तावलेला: मी त्या दुसऱ्या ग्रुपमधला आहे असं समजा (तोच ग्रुप नव्हे, तसलाच). आम्ही एका दिवसात अख्खा चिखल हिरवा केला होता. कांदळाच्या (खारफुटीतलं एक झाड) लांब शेंगा असतात ना, त्या नुसत्या खोचायच्या, सरळ रांगेत, दोरी धरून. लय सोपं, म्हणून सगळे कांदळच लावतात. आठ महिन्यांनी गेलो तर अर्ध्या काड्या गायब आणि उरलेल्यांवर बार्नॅकल (कवचाचे चिकट समुद्री जीव) चिकटून चिकटून त्या वजनाने आडव्या पडलेल्या, एक काडी हातात घेतली तर चुना फासल्यासारखी पांढरी आणि बोटं कापली वर. चूक काय, तर तो चिखल रिकामा होता कारण तिथे झाड येतच नाही, दिवसाचा बराच वेळ पाण्याखाली असतो. खारफुटीला रोज थोडं बुडायचं असतं आणि बराच वेळ उघडं राहायचं असतं. आम्ही जागा निवडली ती कोणाच्या मालकीची नव्हती म्हणून आणि फोटोला बरी म्हणून, खरं कारण हेच.

हे आमचंच नाही, फिलिपाइन्समध्ये वर्षानुवर्षं मोठमोठ्या रकमा घालून असंच झालं, सरसकट कांदळ आणि तेही खालच्या चिखलात नाहीतर चक्क समुद्रगवतावर, आणि जगण्याचं प्रमाण साधारण १० ते २० टक्के. म्हणजे एक चांगली जागा मारून तिथे न जगणारं झाड लावलं. याच्या उलट फ्लोरिडात रॉबिन लुईस म्हणून एक जण होते, आता नाहीत, त्यांचं म्हणणं की आधी पाणी बघा. बांध, भराव, बुजलेले नाले यांनी भरती अडलीय का ते शोधा, जमिनीची उंची शेजारच्या जिवंत जंगलाएवढी करा, नाले मोकळे करा आणि गप्प बसा. बिया भरतीबरोबर आपसूक येतात. त्यांनी असं करून दाखवलंय, रोपं न लावता. तुमचे लोक यंदा लावत नाहीत म्हणतात ना, तर मला ते शहाणे वाटतात.

पण हो, माणसं जमवायची असतील तर रोप लागतं हेही खरं. 'चला नाला मोकळा करू' म्हटलं की चार डोकी येतात.

सरळबोल: सगळं ठीक आहे पण वरून शहराचं सांडपाणी चालूच, शेतातलं खत चालूच, आणि तुम्ही खाली थाळ्या सोडा. मोजत बसा पुढची वीस वर्षं. सॉरी पण मला हे वेळ घालवणं वाटतं.

ओहोटी_भरती: @सरळबोल अर्धं बरोबर आहे तुमचं. खाडी खाली राहून सुधारत नाही, ती वरच सुधारते. पण वरच्यांना हलवायचं कशाच्या जोरावर? टँपा बे घ्या, फ्लोरिडातलीच. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे समुद्रगवत उरलं होतं सुमारे २१-२२ हजार एकर, पाणी हिरवं आणि वास. मग सांडपाणी शुद्धीकरण कडक केलं, शेवाळ माजवणारा नायट्रोजन कोणाकडून किती येतो त्याचा हिशोब मांडला, नगरपालिका आणि कारखाने एका टेबलावर बसवून वाटे ठरवले. २०१४ ला गवत ४० हजार एकरांच्या वर गेलं. त्यात सगळ्यात मोठा हात सांडपाणी प्लांटवाल्या इंजिनिअर लोकांचा, ज्यांचा चिखलातला एकही फोटो नसेल. आणि पुढचंही सांगतो नाहीतर गोड गोड वाटेल, नंतर ते परत घसरलं, २०२२ च्या मोजणीत ३० हजारांच्या आसपास. घसरलं हे कळलं कसं? मोजत होते म्हणून.

थेम्स तर १९५७ मध्ये मेलेली नदी म्हणून जाहीर झाली होती. आज तिच्या मुखाशी सील असतात. तिथेही मुख्य काम गटारांचं, २०२५ मध्ये २५ किलोमीटरचा नवा बोगदा पूर्ण जोडला गेला तोही सांडपाणी नदीत जाऊ नये म्हणूनच.

नाखवा_७: मी मासेमारी करणाऱ्यांतला, फार लिहीत नाही. चिखलपाय ताई, होडी कोण चालवतं तुमची? त्याला विचारा, वहीत नसलेलं निम्मं तो सांगेल. पाणी कुठे वळलं, गाळ कुठे चढला, उधाणाला कुठपर्यंत येतं आणि भांगाला, म्हणजे लहान भरतीला, कुठे येतच नाही, हे रोज जाळं टाकणाऱ्याला पायाला कळतं. चिलिका सरोवराचं ऐकलं असेल, ओडिशातलं. समुद्राकडचं तोंड गाळाने बुजत चाललं, खारं पाणी आत येईना, पाणवनस्पती माजली आणि मासळी गेली. २००० च्या सप्टेंबरमध्ये नवीन तोंड उघडलं आणि मासळी परत आली, १९९३ पासून धोक्यातल्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत नाव होतं ते २००२ ला निघालं. एकही झाड लावून नाही झालेलं ते. पाण्याला वाट दिली.

आणि केरळात पोक्कुडन होते, कण्णूरकडचे, शेतमजूर माणूस, १९८९ पासून स्वतःच्या हाताने खारफुटी लावत होते, लोक आधी हसायचे. त्यांचीही जगली कारण तो माणूस त्याच चिखलात वाढलेला. तेव्हा रोपं लावणं वाईट असं नाही, कोण लावतंय ते बघा.

शिंपली: थोडं वेगळं. ज्यांना बोअर होतं त्यांच्यासाठी कालवांचं काम जास्त मजेशीर असतं. अमेरिकेतल्या चेसापीक बेमध्ये हॉटेलांतून खाऊन उरलेले शिंपले गोळा करतात, महिनोन्महिने उघड्यावर वाळवतात, मग हॅचरीच्या (पिल्लं वाढवायच्या केंद्राच्या) टाकीत ते शिंपले आणि कालवाची पिल्लं एकत्र सोडतात, पिल्लू एकदा शिंपल्याला चिकटलं की आयुष्यभर हलत नाही, मग होडीने नेऊन तळावर ओततात. व्हॉलंटियर काय करतात? भिंग घेऊन एका शिंपल्यावर किती पिल्लं चिकटली ते मोजतात. हाहा. म्हणजे मोजण्यातून सुटका नाहीच. एक मोठं कालव चांगल्या पाण्यात दिवसाला १९० लिटरपर्यंत पाणी गाळू शकतं म्हणून एवढा खटाटोप. व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर तर लोक स्नॉर्केल लावून समुद्रगवताचे बी धरलेले तुरे हाताने खुडतात, टाकीत ठेवून बी गळू देतात आणि थंडीच्या तोंडावर पेरतात, वीसेक वर्षांत ७ कोटींवर बिया. १९३० च्या दशकात पार गेलेलं गवत ९ हजार एकरांच्या घरात आलंय.

चिखलपाय: वाचून काढलं सगळं, धन्यवाद. होडीवाल्या काकांना विचारलं आज. ते म्हणाले आपण तिसरं रीडिंग घेतो ना, तिथे पूर्वी नाला येऊन मिळायचा, रस्त्याच्या भरावात गेला, म्हणून तिथे कायम गढूळ. आमच्या वहीत त्या ठिकाणाला नुसता नंबर आहे. को-ऑर्डिनेटरना सांगितलं तर त्या पुढच्या ओहोटीला स्वतः बघायला येणारेत. तिकडच्या ग्रुपचं तूर्त कॅन्सल.

एक शंका राहिली. आज पाचव्या ठिकाणी थाळी सोडली ती दिसतच राहिली, मी खुश, म्हटलं पाणी निवळलं, दोरी सैल पडली तेव्हा कळलं की टेकलीय तळाला, पाणीच हातभर होतं, भरती यायची होती अजून. वहीत काय लिहायचं मग? मी मोकळं सोडलंय.

ओहोटी_भरती: मोकळं सोडू नका, नंतर कोणीतरी त्याला शून्य समजेल. 'तळापर्यंत दिसली' असं लिहा, पुढे खोली आणि वेळ.